सरुबाईंचा फॉर्म

गॅसचा लायटर खटकन वाजला. थांबून पुन्हा एकदा वाजला. स्वयंपाकघरात खरं तर कुणी असायलाच नको होतं. निशिगंधा ताडकन उठली.

"आत्या! थांबा, मी येते."

"बस गं तिथंच," आतून सासूबाई म्हणाल्या. "सिलेंडरचं बटण बंद केलंयस तू. उघडते मी."

निशिगंधा बसली नाही, पण आतही गेली नाही.

सरुबाईंनी एकतीस वर्षं रेल्वेच्या दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. नवऱ्याच्या माघारी मुलाला, संघपालला, वाढवलं, त्याचं लग्न लावलं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनीच हट्ट धरला होता, शहराबाहेर, शामीरपेटकडच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जायचं. संघपाल आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. निशिगंधा रडली, आणि रडून झाल्यावर तिनं फॉर्म भरला. शेवटी दोन चौकोन होते. एक स्वतंत्र घराचा, दुसरा देखरेखीच्या विभागाचा. तिनं दुसऱ्यात खूण केली. तिथं जेवण खोलीत येतं, गोळ्या नर्स देते, फाटकाबाहेर एकटं सोडत नाहीत.

तोच फॉर्म घेऊन वसाहतीच्या अपर्णा मॅडम आज तारनाक्याच्या घरी आल्या होत्या. त्या विचारत गेल्या, निशिगंधा सांगत गेली.

"स्वयंपाक? छे! सहा वर्षं झाली, गॅसजवळ फिरकू देत नाही मी. एकदा दूध उतू गेलं होतं. गोळ्या मीच देते, वारांची डबी भरून ठेवते. आणि बाहेर एकट्या? ह्या ट्रॅफिकमध्ये?"

यात खोटं काहीच नव्हतं. शेजारणी तिचं उदाहरण आपल्या सुनांना देत.

मॅडम सरुबाईंकडे वळल्या होत्या. "बहू नहीं, आप बोलो अम्मा. आपको क्या-क्या आता?"

सरुबाई उठून आत गेल्या होत्या.

आता आतून आल्याचा वास आला. मग ट्रे घेऊन त्या स्वतःच आल्या. बशीत थेंब सांडला नव्हता.

"हा तुमचा, बिनसाखरेचा," त्या मॅडमना म्हणाल्या. "मघाचा हिनं केलेला गोड चहा एक घोट घेऊन सोडलात, तेव्हाच कळलं."

मॅडम हसल्या. "और गोलियाँ, अम्मा?"

"हौ, सांगते की. सकाळची पांढरी अर्धी. बीपीची. सोमवारी हिनं अख्खी ठेवली होती, मी मोडून घेतली. मागच्या महिन्यातही दोनदा."

निशिगंधानं कप खाली ठेवला. "आत्या, बोलला का नाहीत?"

"ऑफिस, पोर, घर. आधीच परेशान असतीस."

त्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मॅडमनी खूण खोडली, पहिल्या चौकोनात नवी केली आणि फॉर्म सहीसाठी सरुबाईंपुढे सरकवला. सरुबाईंनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

सात वर्षांची रेणुका इतका वेळ सोफ्याच्या हातावर बसून पाहत होती. ती घसरून खाली आली आणि आईचा पदर ओढून म्हणाली,

"आई, आजीला सगळं येतं. मग आपल्या घरीच का येत नव्हतं?"