थांबा

वडाखाली फिरत्या नाटकमंडळीचा खेळ रंगला होता. मंडळीच्या म्होरक्या कलसाऊनं सुरुवातीलाच एफाते बेटावरच्या त्या गावाला नियम सांगितला होता, "चुकीचं दिसलं की 'थांबा' म्हणून ओरडा, पुढे या, कुणाचीही जागा घ्या आणि गोष्ट बदला."

नाटकातल्या नवऱ्यानं बायकोवर हात उगारला. माणसं हसली. लेइपाकोआला मात्र चटईवर धड बसवेना. तिनं बाजूला बसलेल्या, शेजारच्या घरातल्या लेइसालेकडे चोरून पाहिलं. लेइसाले दंडावरचा वळ झाकत, मान खाली घालून चटईची वीण उसवत होती.

"थांबा!" लेइपाकोआ उठलीच.

"अगं बाई, हिचाही नवरा मारतो?" मागे कुजबूज झाली.

कलसाऊनं बायकोच्या डोक्यावरचा रुमाल तिच्यापुढे धरला. "या मावशी, बायको व्हा."

"बायको नको. शेजारीण कुठाय?"

"शेजारीण नाहीये हो नाटकात."

"नाही कशी? कुडाची भिंत आहे, पलीकडे सगळं ऐकू येतं." लेइपाकोआचा आवाज चिरकला. "मार ऐकू येऊ नये म्हणून रोज रेडिओ मोठा करून बसते ना ती! तिची जागा द्या मला."

चटईवरच्या लेइसालेनं पहिल्यांदाच मान वर केली.