मख्ख चेहरा

टोळ तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. चेहरा मख्ख. तो तिने आठवडाभर आरशासमोर बसून घोटवला होता.

क्लबात सगळे तिला टोळ म्हणत, कारण तिच्याइतकी उंच उडी तिथे कुणाचीच नव्हती. मग तिच्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकायला लागली. दोनदा मैदानात, तिसऱ्यांदा तर साधा जिना उतरताना. वाटीला आतून धरून ठेवणारं लिगामेंटच तुटलंय, असं एमआरआयमध्ये दिसलं. डॉक्टरबाईंनी ऑपरेशन करून मांडीमागच्या एका टेंडनचं नवं लिगामेंट बसवलं.

"टीप पक्की बसली ना?" शिवणकाम करणाऱ्या आईने तेव्हा विचारलं होतं.

"दुहेरी मारलीय, ताई."

टीप पक्कीच होती. घोडं अडलं होतं ते भीतीपाशी. डॉक्टरबाई अंगठ्याने वाटी बाहेर ढकलून बघत, पण नजर ठेवत पोरीच्या चेहऱ्यावर. सहाव्या महिन्यात टोळने चेहरा कसाबसा सांभाळला, तर हातानेच दगा दिला. त्याने झटकन डॉक्टरबाईंचं मनगट धरलं. "दुधाने तोंड पोळलंय, ताकाला वेळ लागणार," असं म्हणत त्यांनी मैदान तीन महिने पुढे ढकललं.

आज नववा महिना होता. रविवारी निवड चाचणी. आज तंदुरुस्तीच्या कागदावर सही मिळाली नाही, तर हेही वर्ष हातचं जाणार होतं. म्हणून हात असे कैदेत होते.

"लांब उडी ना गं तुझी?" गुडघा किंचित वाकवून हातात घेत डॉक्टरबाईंनी विचारलं.

"लांब?" टोळ उखडलीच. "उंच! उंच उडी, डॉक्टर! कितीदा सांगितलंय!"

"एकच की. पळायचं आणि उडी मारायची."

"एकच कसं? हे बघा!" मांड्यांखालचे हात बाहेर आले. एक तळवा दांडी झाला, दुसरा धावत सुटला. "असं वळण घेत यायचं. शेवटचं पाऊल इथे. मग पाठ दांडीकडे, आणि सगळ्यात शेवटी पाय झटकायचे, नाहीतर टाच लागून दांडी खाली. लांब उडी म्हणे!"

डॉक्टरबाई हं हं करत ऐकत होत्या. त्यांच्याशेजारी उभी असलेली आई गुडघ्याकडेच बघत होती.

हातांनीच दांडीपलीकडच्या गादीवर पडून झाल्यावर टोळ भानावर आली. हात पुन्हा मांड्यांखाली गेले. चेहरा पुन्हा मख्ख झाला.

"हं, मी तयार आहे. करा टेस्ट."

"ती झाली की! तू दांडीवर होतीस तेव्हाच," डॉक्टरबाई हसत म्हणाल्या. "आता मला सही करायचीय. तेवढा आईला माझा हात सोडायला सांग."