पोलादी नळी

नॉटिंगहॅममधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी टेबलावर खेळण्यातली लढाई मांडायची, हा ग्रॅहम आणि टेरीचा तीस वर्षांचा परिपाठ. बोटभर रणगाडे ग्रॅहम घरी बनवायचा आणि टेरी ते नेमके तोफेच्या नळीला धरूनच उचलायचा.

टेरीच्या हातून प्लास्टिकची नळी मोडली तेव्हा ग्रॅहम म्हणाला, "प्लास्टिकच ठिसूळ रे." पितळेची वाकली तेव्हा म्हणाला, "पितळच मऊ निघालं." या खेपेला मात्र त्याने बायकोची विणायची पोलादी सुई कापून बसवली.

उचलताना टेरीचा हात पुन्हा थरथरला आणि रणगाडा फरशीवर आपटला. नळीला साधा बाकही आला नव्हता.

टेरीने तो हात खिशात घातला.


"आता कोणाला नावं ठेवशील, ग्रॅहम?"