आबा आणि चिनी रायफल

कॅनडात कॅलगरीला वैजयंताचं नेमबाजांसाठी बंदुकांचं दुकान होतं. चिनी फौजेच्या जुन्या रायफलचा खेळासाठी बदललेला नमुना तिनं पहिल्यांदाच मागवला, आणि नेमके त्याच आठवड्यात साताऱ्याहून आबा आले. आबा म्हणजे तिचे वडील, बासष्टच्या युद्धात चिन्यांशी लढलेले निवृत्त सुभेदार. तिनं घाईघाईनं खोकी ताडपत्रीखाली झाकली.

दुसऱ्याच दिवशी आबांनी दुकानात ताडपत्री उचलून एक खोकं उघडलं. रायफल हातात घेऊन त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"तुम्हाला नको वाटत असेल तर सगळा माल परत पाठवते, आबा," वैजयंता म्हणाली. ती खरंच पाठवणार होती.

"गोळ्या आहेत का?" आबांनी एवढंच विचारलं.

ती त्यांना नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली. आबा सावकाश पोटावर आडवे झाले. पहिली गोळी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. दुसरी कागदाच्या मधोमध लागली. पँट झटकत ते उठले, तेव्हा गालातल्या गालात हसत होते.

"विक खुशाल. आजवर मी हिला फक्त समोरून पाहिलं होतं. मागून भलतीच गुणी आहे गं."