चौदा नंबरचं ताट

पबमध्ये चौदा नंबर अजून पुकारला नव्हता. सोळा गेला, सतरा गेला. नंतर आलेले मेंढ्यांची लोकर कातरणारे गडीही ताटं पुसून मोकळे झाले. डल्सीने टेबलावरची चौदा नंबरची पाटी उगाच सरळ केली. टेबल दाराजवळचं होतं. दार उघडलं की जूनचा, इथल्या ऐन हिवाळ्यातला वारा थेट मानेत शिरायचा. शेकोटीपाशी दोन टेबलं रिकामी होती, पण त्यांच्यावर 'राखीव' असं लिहिलेलं. दर गुरुवारी असायचं, आणि दर गुरुवारी त्या टेबलांवर कुणीच येऊन बसायचं नाही.

"मी काय मागवलंय गं?" नोएलीनने विचारलं.

"तळलेली कोंबडी."

"बरं झालं सांगितलंस. ताट आल्यावर ओळखू येत नाही. गेल्या वेळचे कुस्करलेले बटाटे मी घरी नेले, कुंपणाच्या भेगेत लिंपले. अजून धरून आहेत."

डल्सी हसली. तिचा नवरा मर्व्ह हसला नाही. तो टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होता.

नाताळच्या आधीची गोष्ट. नोएलीनची मुलगी बेथ याच पबमधलं काम आटपून रात्री सायकलवरून घरी निघाली होती. गव्हाच्या कोठारांपाशी एका पिकअपने तिला उडवलं. गाडी थांबली, दार उघडलं, पुन्हा बंद झालं आणि गाडी निघून गेली. पलीकडच्या रानात मर्व्ह मेंढ्यांचं फाटक लावत होता. दार उघडल्यावर आतला दिवा लागला आणि त्याला चेहरा दिसला. डेलचा. पबवाल्या क्लॅरीच्या मुलाचा. मर्व्हने जाऊन पोलिसांना सांगितलं. दुसरं कुणी पाहणारं नव्हतं. आता सोमवारी कोर्ट होतं.

क्लॅरीने आरडाओरडा केला नाही. मेलेल्या मुलीच्या आईला हाकलून दिलं असतं तर गाव बोललं असतं. त्याने फक्त ताटं गार केली. वरून करपलेली कोंबडी, आत कच्ची. रश्शावर साय धरलेली. तक्रार केली की म्हणायचा, "आज फार गर्दी आहे," आणि मागे निम्मी टेबलं रिकामी असायची.

डल्सी एकदा वैतागली होती. "कशाला यायचं इथे पुन्हापुन्हा?"

"मी काय जेवायला येते होय?" नोएलीन म्हणाली होती. "आठवड्यातून एकदा तरी क्लॅरीला माझं तोंड दिसलं पाहिजे."

"मग आम्हीही येणार," मर्व्ह म्हणाला होता. त्या दिवशी डल्सीला नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता.

पण मर्व्हला ते जड गेलं. पाळीपाळीने एकाने सगळ्यांना बियर पाजायची, ही तिथली रीत. ज्याची पाळी कुणी येऊच देत नाही, तो माणूस गावाच्या लेखी मेल्यात जमा. चाळीस वर्षं ज्यांच्यासोबत प्यायला, ते आता त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. तो आपला ग्लास आपणच विकत घेई आणि दाराजवळ बसून संपवी. परवा मेंढ्यांचं औषध आणायला शहरात गेला आणि हात हलवत परत आला. दुकान बंद होतं म्हणाला.

अचानक मर्व्हच्या पुढ्यात भरलेला ग्लास आला. त्याने मागवलेला नव्हता. डल्सीने वळून पाहिलं. बारपाशी उभ्या माणसांपैकी एकाने बोट वर केलं. "माझ्याकडून, मर्व्ह! पुढची पाळी तुझी!"

डल्सीचा ऊर भरून आला. विरघळलं गाव, तिला वाटलं. कोर्टाच्या आधी का होईना, लोकांना लाज वाटली. तिने टेबलाखाली नोएलीनचा हात दाबला.

मग क्लॅरी स्वतः ताटं घेऊन आला. नंबर पुकारला नाही. दोन ताटं त्याने बायकांपुढे सरकवली. नेहमीचीच, करपलेली, गार. तिसरं मात्र दोन्ही हातांनी मर्व्हपुढे ठेवलं. मांसाचा जाड तुकडा, त्यावर विरघळतं लोणी, बाजूला कुरकुरीत बटाटे. वाफ येत होती.

"रविवारी पत्त्यांच्या सामन्याला येतोस ना?" क्लॅरीने विचारलं. "संघात तुझी जागा ठेवलीय." बायकांकडे त्याने पाहिलंही नाही. जाताना मर्व्हच्या खांद्यावर थाप मारून गेला.

डल्सी त्या वाफेकडे बघत राहिली.

"मर्व्ह," ती हळू आवाजात म्हणाली, "परवा दुकान खरंच बंद होतं?"

मर्व्हने मान वर केली नाही.

"अंधार होता गं," तो म्हणाला. "अंधारात कुणाचा चेहरा धड ओळखू येतो? तेवढंच पोलिसांना सांगून आलो."

बारपाशी कुणीतरी मोठ्याने हसलं. मर्व्हने सुरी उचलली आणि तशीच धरून ठेवली. डल्सीला नोएलीनकडे बघवेना. तिच्या हातात अजून नोएलीनचा हात होता. तो हलकेच सुटला.

नोएलीनने आपलं ताट जवळ ओढलं. करपलेल्या कोंबडीचा एक तुकडा कापला, तोंडात घातला, नीट चावला, गिळला. मग तिने मर्व्हच्या ताटाकडे पाहिलं.

"खा ना, मर्व्ह," ती म्हणाली. "गार होईल."