उजवा दंड

“तिला म्हणावं, पुन्हा करून दाखव,” डॉक्टर म्हणाले. बोलले ते आईशी. ठकीकडे त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

“सांगून नाही करत ती. पण तीन आठवडे झाले. उजवा दंड धरते, डोळे मिटते, श्वास रोखते. मी भांडी घासत असले की, जिन्यात, कधीही. काहीतरी दुखतंय तिला.”

सहा वर्षांची ठकी टेबलावर पाय हलवत बसली होती. तिच्यापाशी शब्द मोजून चार. बाकीचं सगळं आईच तिच्या चेहऱ्यावरून वाचायची. तिला वाचणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी फाइल उघडली. पहिल्याच पानावर ठकीच्या वाढीबद्दलचा जुना शेरा होता. त्यांनी पुढचं पान उलटलंच नाही.

“अहो ताई, अशा मुलांना असल्या सवयी लागतातच. एक सुटते, दुसरी लागते.”

“गेल्या वर्षी कान धरून रडायची, तेव्हाही तुम्ही सवयच म्हणालात. शेवटी कान फुटला.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हृदयाचं काही असेल तर माणूस बहुधा डावा हात धरतो. ही उजवा धरते.”

“तिला कुठलं आलंय डावं-उजवं? ईसीजी काढा. तुमची लेक असती तर एव्हाना काढून झाला असता.”

डॉक्टरांनी टेबलावरची घंटी दाबली. मग सिस्टर वायरी घेऊन आल्या. गार चकत्या लागल्या तशी ठकी खुदकन हसली. आई मात्र कागदावरच्या रेघेकडे श्वास धरून बघत राहिली.

“पाणी देऊ का ताई?” सिस्टरनी विचारलं. “घामाघूम झालात.”

“लिफ्ट बंद आहे ना तुमची. तीन मजले चढले.”

बाहेर बाकावर बसून दोघींनी वाट पाहिली. काउंटरवरच्या बाईंनी कानामागे पेन्सिल खोचली. ठकीनंही एक नसलेली पेन्सिल खोचली. बाईंनी चष्मा वर सरकवला. ठकीनं नाक चिमटीत धरून तेच केलं.

“माझी नोकरी खाणार हो ही तुमची ठकी,” बाई म्हणाल्या. “आणि पगार मागणार नाही, म्हणून हिलाच ठेवतील.”

आई हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. घशाशी जळजळत होतं. रात्रीचं जागरण, पोटात नुसता चहा.

आत बोलावून डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली. “घड्याळासारखं चाललंय. आता तरी ऐकाल?” आणि फाइलमध्ये एकच शब्द लिहिला: सवय.

आईला वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. अपमान गिळला, पण जीव भांड्यात पडला होता. पोरगी धडधाकट आहे, एवढं बस झालं.

उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती खिडकीखालच्या कट्ट्यावर टेकली. पिशवीच्या ओझ्यानं हाताला मुंग्या आल्या होत्या. पिशवी तिनं खाली ठेवली. मुंग्या गेल्या नाहीत. ठकी समोरच्या पायरीवर बसली, तिच्याकडे तोंड करून.

आणि पुन्हा तेच. ठकीनं उजवा दंड घट्ट धरला. डोळे मिटले, किलकिले उघडून आईकडे पाहिलं, पुन्हा मिटले. श्वास रोखला.

“नको ना गं बाळा,” आई म्हणाली. “सगळं नीट आहे तुझं. डॉक्टरकाका म्हणालेत ना?”

ठकीचा हात तिच्या दंडावरून हळूच सोडवायला ती पुढं वाकली. त्यासाठी तिला आधी स्वतःच्या डाव्या दंडावरचा हात काढावा लागला.

तो निघाला, तसा समोरचाही निघाला.