बाळंतिणीचा शेपू

पहारा रक्तात असावा लागतो, तो शिकवून येत नाही. शिंदे की छावनीतल्या मानसिंगरावांच्या रक्तात तो होता. त्यांच्या पणजोबांनी शिंद्यांच्या महालाच्या देवडीवर उभ्याउभ्या हयात काढली होती. स्वतः मानसिंगराव विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि जेवणानंतर झोपत.

आज मात्र ते जेवून अंगणात उभे होते. हातात काठी, डोक्यावर ओला टॉवेल. समोर राजहंस उभा होता. त्याच्याकडे ना काठी होती ना टॉवेल, आणि तरी लीलाताई सकाळपासून त्याच्याकडेच बघत होत्या.

हंसाचं हे बिऱ्हाड काल संध्याकाळी लीलाताईंचा धाकटा भाऊ विश्वासराव आपल्या शेतावरून घेऊन आला होता. नर, मादी आणि नुकतीच अंड्यातून निघालेली पाच पिल्लं. तो घाईत होता. टोपली उतरवली आणि गेला. पण नर कोण, मादी कोण ते दिसतच होतं. एक जण मान ताणून पिल्लांभोवती फेऱ्या घालत होता. दुसरी पाण्याच्या टाकीच्या सावलीला पडून होती.

"बिचारी," लीलाताई म्हणाल्या होत्या. "ओली बाळंतीण."

त्यांनी पिल्लांना परातीत पाणी ठेवलं, बुडू नयेत म्हणून आत दगड मांडले. पालक बारीक चिरून भिजवलेल्या दलियात कालवला. बाळंतिणीसाठी शेपू वाफवला, वर तूप सोडलं आणि ताटली टाकीपाशी नेऊन ठेवली. मानसिंगरावांनी मधल्या काळात दोनदा चहा मागितला होता.

"बघा, सकाळपासून दाण्याला शिवला नाही," लीलाताई आता म्हणाल्या. "पिल्लांचं पोट भरल्याशिवाय खात नाही. बाप असावा तर असा."

"मीपण उभाच आहे."

"तुम्ही जेवून उभे आहात."

"सोनिका झाली तेव्हा..."

"तेव्हा तुम्ही व्यापार मेळ्यात होतात."

"गाड्यांवर सूट होती. स्कूटर आली ना घरी?"

"आली की. नर्स विचारत होती, मुलीचे वडील कुठेत. सासूबाई म्हणाल्या, ट्रायल घेतायत."

मानसिंगरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. हंसाने मान थोडी आणखी ताणली.

शेजारची गरिमा मोबाइल धरून भिंतीवरून डोकावली. "अंकल, ज़रा साइड में हो जाइए ना. हंस पापा फ्रेम में नहीं आ रहे."

मानसिंगराव बाजूला झाले.

घार सगळ्यांच्या आधी त्यांनी पाहिली, हे नमूद करायला हवं. ती कडुनिंबावरून खाली उतरत होती. मानसिंगराव काठी उगारून पिल्लांच्या दिशेने धावले. त्याच वेळी हंसाने पंख पसरले, पाचही पिल्लं त्याखाली नाहीशी झाली, आणि मोकळ्या राहिलेल्या चोचीने त्याने मानसिंगरावांची पोटरी धरली. घार निघून गेली. ती कोणामुळे गेली याबद्दल अंगणात एकच मत होतं.

"घाबरलास का रे राजा?" लीलाताईंनी विचारलं. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही कशाला मध्ये गेलात?"

त्यांनी हळद आणली. ती पोटरीला लावताना त्या बघत होत्या हंसाकडे, त्यामुळे बरीचशी हळद पायजम्याला लागली.

"मला कधी राजा म्हटलं नाहीस," मानसिंगराव म्हणाले.

"तुम्ही कधी पंख पसरलेत?"

हळद लागल्यावर कोणीही आत जाऊन पडला असता. मानसिंगराव पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले. ऊन सरकत भिंतीवर गेलं. हंस एका पायावर उभा राहून बघू लागला, तेव्हा मानसिंगरावांनीही दुखरा पाय उचलला. दुखत होता म्हणून, असं त्यांनी कोणी विचारलं नसताना सांगितलं. लीलाताई दलिया निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दिवे लागायच्या सुमारास विश्वासराव रिकामी टोपली न्यायला आला.

"दाजी, लंगडताय का?"

"तुमचा नर चावला."

विश्वासरावाने अंगणाकडे बघितलं. पिल्लं पुन्हा त्याच पंखांखाली शिरत होती, आत जागेसाठी ढकलाढकल चालू होती.

"ही? ही तर मादी आहे, दाजी. हिच्या कपाळावरचा गोळा बघा केवढासा. नर तो, टाकीपाशी."

लीलाताईंच्या हातातलं ताट जागच्या जागी राहिलं.

"बापच ना तो?" त्यांनी विचारलं. "मग पिल्लांकडे बघत कसा नाही?"

"तसे नर फार बघतात, ताई. नजरेआड करत नाहीत. हाच एक असा निघाला. खातो आणि झोपतो."

लीलाताईंनी ते दलियाचं ताट दिवसभर उपाशी राहिलेल्या आईपुढे नेऊन ठेवलं. येताना त्यांनी नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. मानसिंगराव दोन्ही पायांवर उभे राहिले. सकाळपासून ज्याचा हेवा करत होतो तो कोण, हे त्यांना नव्याने ठरवायचं होतं, आणि त्यांचीही नजर टाकीकडे जात होती.

तिथे नराने एक डोळा उघडला, सगळ्यांना पाहिलं आणि मान परत पंखात खुपसली. त्याच्यापुढची ताटली रिकामी होती. शेपू त्याने तुपासकट संपवला होता.